इंजिनाच्या कामात पत्रा आणि कव्हर छाटताना: काय कापलं, काय कापायला नको होतं

केळीबाग_यावल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे वडिलांनी घेतलेली जुनी डीआय जीप आहे, २५२३ सीसी. बागेतली खतं, ठिबकच्या नळ्या, केळी कापायला येणारी माणसं, सगळी ये-जा तिच्यावरच. दिवाळीनंतर मी आणि पुतण्याने घरच्या शेडमध्ये तिला टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) बसवला. टर्बो त्याच इंजिनाच्या टर्बोवाल्या गाडीचा, मॅनिफोल्डसकट (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळकांड्यासकट) मिळाला. ऑइलच्या लाइनी, डिझेलची मात्रा यावर नंतर स्वतंत्र लिहीन. हा धागा फक्त कापाकापीवर आहे, कारण टर्बो बसवायला आम्हाला चार दिवस लागले आणि तो बसल्यावर गाडीचं अंग त्याच्याशी जुळवायला तीन आठवडे.

चार ठिकाणी कापलं. रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्याला इंटरकूलरच्या पाइपांसाठी दोन भोकं पाडली. डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याचा ओठ एअर फिल्टरच्या डब्यासाठी छाटला. पंख्याच्या काऊलचा, म्हणजे पंख्याभोवतीच्या आवरणाचा, वरचा कोपरा उडवला. आणि बॉनेटच्या आतली आडवी पट्टी कापली. पहिली दोन कामं चांगली झाली. काऊल परत भरावी लागली. बॉनेटच्या पट्टीचं मन अजून खातंय.

बॉनेटचं आधी सांगतो. टर्बोमधून निघणारा रबरी पाइप आणि बॉनेट यांच्यात किती जागा उरते ते बॉनेट बंद केल्यावर दिसत नाही. म्हणून घरातून मळलेली कणीक आणली, लिंबाएवढे गोळे केले, प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्यात गुंडाळले आणि पाइपवर, पाइप आवळणाऱ्या क्लॅम्पवर, फिल्टरच्या झाकणावर ठेवले. बॉनेट हळूच खाली घेऊन चिमटे लावले, उघडलं आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजली. सगळ्यात कमी जागा क्लॅम्पपाशी, ११ मिलिमीटर. आम्हाला वाटलं पुरे झालं.

चालू गाडीत काहीच लागत नव्हतं. पण इंजिन बंद केलं की एक टण्ण आवाज यायचा. पुतण्या म्हणाला, काका, कणीक तशीच ठेवून गाडी चालू-बंद करून बघू. केलं. बॉनेट उघडलं तर गोळा चपाती झालेला आणि होजक्लॅम्पच्या स्क्रूचे आटे कणकेत स्वच्छ उमटलेले. डिझेल इंजिन थांबताना जो शेवटचा हिसका देतं, त्यात ते ११ मिलिमीटर खाऊन वर पट्टीला धडकत होतं. चालू इंजिनाकडे आम्ही तास तास बघत बसलो होतो, थांबताना एकदाही बघितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ग्राइंडर काढला आणि पट्टीचा बारा सेंटिमीटरचा तुकडा कापून टाकला. आवाज गेला. आठवड्याभरात दुसरा सुरू झाला: साठच्या पुढे गेलं की बॉनेटचा मधला भाग थरथरतो, काचेतून डोळ्यांनी दिसतं.

जाणकारांनी सांगावं, हे आता कसं सावरू?

---

पत्राकाम_धुळे

राम राम मंडई. मी धुयाना, चाळीस वरीस पत्राच ठोका. आता हात थरथरतो म्हणून मुलगा काम बघतो. बाकीच्यांना कळावं म्हणून शुद्धात लिहितो.

भाऊ, बॉनेट म्हणजे एक पत्रा नसतो. वरचा पत्रा दिसायला असतो, पाऊण-एक मिलिमीटरचा, हाताने दाबला तर आत जातो. जोर असतो तो खालच्या पट्ट्यांच्या सांगाड्यात. नव्या गाड्यांत हा सांगाडा आणि वरचा पत्रा कडेला दुमडून एकमेकांत अडकवलेले असतात आणि मध्ये ठिकठिकाणी डिंकासारखा मस्तकीचा ठिपका असतो. तुमच्या जुन्या जीपला पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने मारलेल्या. पट्टी टोपीच्या आकारात दुमडलेली असते, तिची ताकद त्या दुमडीत असते. तुम्ही मधून तुकडा काढलात म्हणजे दोन्हीकडची पट्टी मोकळी झाली. तुकडा बारा सेंटिमीटरचा, पण आधार गेला सगळ्या रुंदीचा.

वरचा पत्रा कापायचा असेल तर पट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत कापता येतो. पट्टी कापायची नाही. अगदीच अडलं तर आधी दुसरा रस्ता बांधायचा, मग पहिला तोडायचा. म्हणजे दोन मिलिमीटरच्या पत्र्याची चपटी, चॅनेलसारखी वाकवलेली पट्टी अडचणीच्या जागेला वळसा घालून जुन्या पट्टीला दोन्हीकडे बसवायची, आणि त्यानंतरच मधला तुकडा काढायचा.

पण त्याआधी एक विचारतो. इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे ज्या रबरांवर इंजिन बसतं ते, शेवटचे कधी बदलले?

---

केळीबाग_यावल

नाना, नमस्कार. माउंटिंग माझ्या हातून कधीच बदललेले नाहीत. वडिलांनी बदलले असतील तर ठाऊक नाही. उद्या बघतो.

---

मारुतीवाला_जळगाव

माझी गाडी वेगळी आहे, पण विषय हाच म्हणून लिहितो. आमच्याकडे सगळी कापाकापी प्लास्टिकची. एअर इनटेक बदलताना बंपरच्या आतलं लायनर, इंजिनाखालचा ट्रे, इंजिनावरचं झाकण, सगळ्याला हात लागला.

पहिली गोष्ट हत्यार. ही कव्हरं बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असतात. ते १६० अंशांच्या आसपास वितळतं. ग्राइंडर लावला की चकतीला चिकटतं, कड गोळा होते आणि थंड झाल्यावर तीच कड पात्यासारखी धारदार होते. एक्सॉ ब्लेडचं नुसतं पान घ्या, एका टोकाला कापड गुंडाळा आणि सावकाश कापा. कोपरा कधीही काटकोनात कापू नका. आधी दोन्ही कोपऱ्यांवर ८-१० मिलिमीटरचं भोक पाडा, मग एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत कापत या. काटकोनातूनच तडा सुरू होतो. तडा आधीच गेला असेल तर त्याच्या अगदी टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं की तो तिथे थांबतो. पत्र्यालाही हेच लागू.

दुसरी गोष्ट फार कळकळीने सांगतो. टायमिंग बेल्टच्या कव्हरला हात लावू नका. पुली दिसावी, बेल्ट दिसावा म्हणून ते अर्धं कापलेल्या गाड्या मी बघितल्या आहेत. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ, एखादा खडा, नाहीतर सुटलेल्या वायरचं टोक बेल्ट आणि दातांच्या पुलीमध्ये गेलं की बेल्ट एक-दोन दात उडी मारतो किंवा तुटतो. ज्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात तिथे पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो. पाचशे ग्रॅमचं प्लास्टिक वाचवून हेड उतरवायची वेळ येते.

इंजिनाखालचा ट्रे मी काढून टाकला होता, ऑइल फिल्टरला हात पोचावा म्हणून. पहिल्याच पावसात आमच्या गल्लीतल्या डबक्यातून गेलो तर पॉवर स्टिअरिंगच्या बेल्टवर पाणी उडालं आणि स्टिअरिंग जड झालं. परत लावला, फक्त फिल्टरखाली झाकणाएवढी खिडकी कापली आणि त्यावर चार स्क्रूंचं झाकण केलं. ट्रेचं काम नुसतं चिखल अडवण्याचं नाही. समोरून आलेली हवा रेडिएटरमधून जाऊन खालून नीट बाहेर पडावी, त्यासाठीही तो असतो.

---

लोकोशेड_भुसावळ

रेल्वेत फिटर होतो, आता निवृत्त. कापण्याच्या आधीची तयारी कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

यावलच्या भाऊंनी संध्याकाळी ग्राइंडर काढला, असं लिहिलंय. बॉनेट गाडीवर ठेवूनच कापलं का? तसं असेल तर टर्बोचं तोंड बंद होतं का? टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. इनटेकच्या पाइपात तिळाएवढा लोखंडाचा कण पडला तरी पात्यांची कड खाल्ली जाते, आणि तोच कण पुढे सिलिंडरमध्ये जातो. कापायचा भाग शक्यतो गाडीवरून उतरवा. जीपचं बॉनेट तर थोड्याच बोल्टांवर असतं. उतरवता येत नसेल तर प्रत्येक उघड्या तोंडात कापडाचा बोळा भरा आणि बोळे किती भरले ते कागदावर लिहा. काढताना मोजून काढा.

बॅटरीचं ऋण टोक सोडा. डिझेलच्या लाइनीवर ओलं गोणपाट टाका. काचेवरही टाका, कारण ग्राइंडरची ठिणगी म्हणजे वितळलेला लोखंडाचा कण, तो काचेत रुतून बसतो आणि नंतर वायपर त्यावर घासत राहतो. चकतीचा गार्ड काढून काम करायचं नाही. एक मिलिमीटरची पातळ चकती पत्र्यात तिरकी झाली की तुटते, आणि तुटलेला तुकडा चेहऱ्याच्याच उंचीवर असतो.

आणि चष्मा. आमच्या शेडमधल्या एका जोडीदाराच्या डोळ्यात कण गेला. त्या रात्री थोडं टोचलं म्हणून त्याने पाणी मारलं आणि झोपला. दोन दिवसांनी डॉक्टरने दाखवलं, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात कणाभोवती गंजाचं कडं तयार झालं होतं. लोखंड डोळ्यातही गंजतं. कण काढला, मग कडं वेगळं खरवडून काढावं लागलं. साधा पॉवरचा चष्मा चालत नाही, कडेने कण आत जातात. कडा बंद असलेला गॉगल लागतो.

---

केळीबाग_यावल

काका, बॉनेट उतरवलं नव्हतं. टर्बोच्या तोंडावर कापड होतं, पण बाकी काहीच नाही. तुमचं वाचून अंगावर काटा आला.

एक तुम्ही न लिहिलेलं घडलं ते सांगतो. ग्राइंडरचा भुसा उडाला तो मडगार्डवर, छपराच्या कापडावर, सगळीकडे बसला. थंडीचे दिवस, सकाळी दव. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या मडगार्डवर तांबडे ठिपके, जणू कुणी तिखट शिंपडलंय. चोळून निघेनात. मग गाड्या धुणाऱ्याकडची मळण्याची क्ले घेतली, साबणाच्या पाण्याबरोबर फिरवली, तेव्हा बरेच निघाले. जिथे रंगात रुतले होते तिथे अजून दिसतात. कापल्या कापल्या आधी हवेने आणि मग भरपूर पाण्याने धुवायला हवं होतं.

नाना, माउंटिंग बघितले. डावीकडचं रबर पत्र्यापासून सुटलंय. पहारीने उचलून बघितलं तर मधून उजेड दिसतो.

---

पत्राकाम_धुळे

मला वाटलंच. इंजिन उडी मारत होतं म्हणून तुम्ही बॉनेट कापलंत. त्याला नीट बसवायचं होतं.

दोन्ही माउंटिंग एकदम बदला. एकच बदललात तर इंजिन तिरकं बसेल. आणि हे ध्यानात ठेवा: जुनं रबर बसलेलं असतं, नवं लावल्यावर इंजिन थोडं वर येईल. तेव्हा बॉनेटची जागा अजून कमी होईल, हालचाल मात्र घटेल. दोन्ही मोजा. नुसती उभ्या गाडीची जागा मोजू नका, थांबतानाच्या हिसक्यासकट मोजा. त्यानंतरही निदान १५ मिलिमीटर शिल्लक पाहिजे.

---

सातपुडा_शहादा

टर्बोच्या हवेकडच्या घराला, ज्यातून थंड बाजूचा पाइप निघतो, गोल पट्टा किंवा बोल्टांचं कडं असतं. ते सैल करून घर फिरवता येतं. पाइपचं तोंड वर आलं असेल तर खाली वळवता येतं. सैल करताना घर सरळ धरा, तिरकं झालं तर आतल्या पात्यांना लागतं. बसवल्यावर बोटाने चाक फिरवून बघा, कुठेही घासता कामा नये. वेस्टगेटचा (टर्बोचा दाब हाताबाहेर जाऊ न देणाऱ्या झडपेचा) डबा त्या घराला जोडलेला असेल तर त्याची काडीही सरकते, तिच्याकडे लक्ष द्या. आमच्या पिकअपला एवढ्यावरच भागलं होतं, पत्रा कापायची वेळच आली नाही.

---

गिरणाकाठ_चाळीसगाव

मला पाइपांच्या भोकांबद्दल सांगायचंय, कारण त्यातूनच माझी गाडी जळता जळता वाचली.

मी रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्याला होल-सॉने भोक पाडलं, पाइप घातला, आणि उरलेल्या फटीतून जादा दिव्यांची वायर ओढली. कडेवर कानस फिरवली होती, हाताला गुळगुळीत लागत होतं, म्हणून रबर लावलं नाही. तीन महिन्यांनी रात्री कन्नडच्या घाटात चढताना रबर जळाल्याचा वास आला आणि दिवे गेले. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर वायरचं वरचं आवरण कडेने करवतीसारखं कापलेलं आणि तांबं पत्र्याला टेकलेलं. वायरला फ्यूज बॅटरीच्या टोकापाशी न लावता स्विचपाशी लावला होता, म्हणजे बॅटरीपासून स्विचपर्यंतची अख्खी वायर उघडी. बॅटरीचं टोक हाताने उपटलं, म्हणून वाचलो. हाताला फोड आले.

तेव्हापासूनचा माझा नेम: हाताला गुळगुळीत लागलेली कड वायरला गुळगुळीत नसते. हात एकदा फिरतो, वायर दिवसभर घासते. प्रत्येक कापलेल्या कडेला यू आकाराचं रबर बीडिंग, गोल भोकाला ग्रोमेट (रबरी कडं), आणि वायर पाइपच्या भोकातून न्यायची नाही, तिला स्वतःचं भोक.

---

केळीबाग_यावल

दादा, हे वाचून लगेच शेडमध्ये गेलो. पाइपांच्या दोन्ही भोकांना बीडिंग होतं, पण मडगार्डच्या आतल्या ओठाला नव्हतं आणि हॉर्नची वायर त्याच्यावरूनच जाते. आज लावलं.

आता काऊलचं सांगतो, ते मागे राहिलं.

या जीपचा पंखा वॉटर पंपवर, म्हणजे इंजिनाबरोबर हलतो. काऊल रेडिएटरला जोडलेली, म्हणजे गाडीबरोबर. इंटरकूलरचा गरम बाजूचा पाइप काऊलच्या वरच्या कोपऱ्यातून जात होता, म्हणून तळहाताएवढा कोपरा छाटला. थंडीत काहीच कळलं नाही. मे महिन्यात पालच्या घाटात चार माणसं आणि औषध फवारणीचा पंप घेऊन चढत होतो. आपल्या मे महिन्याबद्दल खानदेशात कुणाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर होता. दुसऱ्या गिअरमध्ये काटा लालच्या तोंडाशी. थांबलो, बॉनेट उघडलं, आणि पंखा चालू असताना कापलेल्या कोपऱ्यापाशी वर्तमानपत्राचा तुकडा धरला. काऊल धड असती तर तो तिथे ओढलाच गेला नसता. उलट त्या फटीतून पंख्याकडे ओढला गेला. पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्याऐवजी त्या भोकातून बॉनेटखालचीच तापलेली हवा ओढत होता. वेगात असताना समोरचा वारा काम भागवतो, चढावर सावकाश जाताना सगळा भार पंख्यावर, आणि तिथेच मी त्याला भोक पाडून ठेवलेलं.

ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा खोका वाकवून कोपरा भरला, पाइपभोवती फोमची पट्टी दिली. पात्याच्या टोकापासून २० मिलिमीटर जागा सगळीकडून ठेवली, कारण इंजिन हलतं.

---

पत्राकाम_धुळे

कागदाची परीक्षा चांगली केलीत. फक्त फिरत्या पंख्याजवळ कागद हाताने धरू नका, काठीला बांधून धरा. आणि गळ्यात गमछा असेल तर आधी काढून ठेवा.

---

कायदा_जळगाव

टर्बोचा आणि पत्र्याचा विषय चाललाय, पण कागदाचा कुणी काढला नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर नोंदलेला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी बदलाकडे बोट दाखवू शकते, आणि समोरच्या माणसाची भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येऊ शकते.

कुणाला घाबरवायला लिहीत नाही. पण गाडी रस्त्यावर काढायच्या आधी आरटीओत जाऊन, कागद हातात घेऊन विचारा.

आणखी एक, नव्या गाड्यांवाल्यांसाठी. जीपला खाली चेसिस आहे, वरचे बरेचसे पत्रे नुसते पांघरूण. आजच्या मोटारींना वेगळी चेसिस नाही, आतले मडगार्ड, रेडिएटरचा आडवा पट्टा, शॉकअपचा मनोरा हेच गाडीचं हाड. धडकेत कुठे चुरगळायचं आणि कुठे टिकायचं ते त्या पत्र्यांच्या आकारात ठरवलेलं असतं. एअरबॅगचे पुढचे सेन्सरही बहुतेक त्याच भागात बसवलेले असतात. तिथे इंटरकूलरसाठी दोन इंच कापले तर दिसायला काही बिघडत नाही. बिघाड धडकेच्या दिवशी कळतो.

---

केळीबाग_यावल

वकील साहेब, बरोबर आहे. पालच्या घाटात नेली ती चूकच झाली. गाडी आता बागेच्या बांधाच्या आतच फिरते. त्याच कंपनीच्या, त्याच इंजिनाच्या टर्बो गाडीचे कागद गोळा करतोय. आरटीओ नाही म्हणाले तर टर्बो उतरवीन, मूळ मॅनिफोल्ड पोत्यात बांधून ठेवलंय.

---

सातपुडा_शहादा

गंजाचं राहिलं. कापलेल्या कडेवर नुसता रेड ऑक्साइड मारून भागत नाही. आधी पॉलिश पेपरने चमक येईपर्यंत घासा, थिनरने पुसा, जस्ताचा प्रायमर मारा, मग रंग, आणि रंग पूर्ण वाळल्यावर बीडिंग. ओल्या रंगावर बीडिंग चढवलं की रंग त्यालाच चिकटून निघतो आणि आत पाणी साचतं. मी वर्षाने बीडिंग काढलं तर खाली पत्र्याचा भुगा होता. आता दर पावसाळ्यानंतर एकदा काढून बघतो.

फटी भरायला काचेच्या टाकीसाठी मिळतो तो आंबट वासाचा सिलिकॉन वापरू नका. तो वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतो, म्हणजे व्हिनेगरच, आणि पत्रा खातो. बॉडीचं पीयू सीलंट घ्या.

आणि टर्बोच्या गरम घराच्या वरचा बॉनेटचा भाग बघितला का? चढावर ओझं असताना धुराचं तापमान ६००-७०० अंशांपर्यंत जातं.

---

केळीबाग_यावल

बघितला. रंगाला पापड आले होते. घराला पत्र्याची ढाल केली, दोन्हींच्या मध्ये बोटभर हवा सोडून. ब्रेक ऑइलचा डबाही त्याच बाजूला होता, तोही ढालीच्या आड घेतला.

---

मारुतीवाला_जळगाव

काही लोक मागच्या बिजागऱ्यांखाली वायसर घालून बॉनेटचा मागचा भाग उचलतात, गरम हवा निघावी म्हणून. यावलच्या भाऊंना त्यातून जागाही मिळाली असती का?

---

लोकोशेड_भुसावळ

जागा मिळाली असती, हवा निघाली नसती. चालत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब जास्त असतो, जीपची तर काच जवळजवळ उभी. तिथे फट ठेवली की वारा बॉनेटच्या आत घुसायला बघतो. वर ऑइलचा, डिझेलचा वास आत बसलेल्यांच्या नाकात. शिवाय बॉनेट तिरकं बसल्यामुळे पुढचे चिमटे पूर्ण पकडत नाहीत. वेगात बॉनेट उघडून काचेवर आलेलं मी एकदा पाहिलंय.

---

केळीबाग_यावल

मंडळी, काल काम पुरं झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन्ही माउंटिंग नवे टाकले. नाना म्हणाले तसं इंजिन ४ मिलिमीटर वर आलं, म्हणजे उभ्या गाडीत ११ ची जागा ७ झाली. कणीक ठेवून चालू-बंद केलं, थांबतानाचा हिसका आता ८. म्हणजे नुसत्या माउंटिंगवर भागलं नसतंच. मग शहाद्याच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे टर्बोचं घर सैल करून पाइपचं तोंड खाली वळवलं. वेस्टगेटची काडी आमच्या टर्बोला गरम बाजूच्या घराला जोडलेली, तिला हात लावायला लागला नाही. पाइपचा कोपरा दुसरा घ्यावा लागला. कणकेत आता उभ्या गाडीला २५ मिलिमीटर, हिसक्यासकट १७. पट्टी मूळची असती तर तिलाही न लागता बसलं असतं. हे आधी केलं असतं तर ग्राइंडर काढायची गरजच नव्हती.

पट्टी परत जोडली. बॉनेट उतरवून खाटेवर उलटं ठेवलं, खाली गोधडी. कापलेला तुकडा पुतण्याने फेकला नव्हता, भंगाराच्या डब्यात होता. तो जागेवर बसवला, पण नुसता टोकाला टोक लावला नाही. दोन्ही सांध्यांवर आतून दोन मिलिमीटरची चपटी दिली. गावातल्या सीओटूवाल्याकडून वेल्ड करून घेतलं, सलग नाही, ठिपका ठिपका, प्रत्येक ठिपक्यानंतर ओलं फडकं, म्हणजे वरचा पत्रा तापून वाकडा होऊ नये. तरी एका जागी वरून बोट फिरवलं की किंचित खळगा लागतो. जस्ताचा प्रायमर, रंग, आणि दोन दिवस उन्हात.

आज सकाळी बागेच्या लांब शिवरस्त्यावर जितकी पळते तितकी पळवली. पुतण्या शेजारी बसून बॉनेटकडेच बघत होता. थरथर नाही. उतरून इंजिन बंद केलं, दोघंही कान देऊन उभे राहिलो. काही लागलं नाही.

---

पत्राकाम_धुळे

भू चांगलं काम करं भाऊ. खळगा राहू द्या, त्याच्यात पुट्टी भरू नका. इंजिनाच्या उष्णतेवर पुट्टी तडकते. दोन महिन्यांनी बॉनेट उलटं करून सांध्याच्या कडेला केसाएवढी चीर गेली का ते बघा.

---

गिरणाकाठ_चाळीसगाव

मडगार्डच्या ओठाला बीडिंग कोणत्या मापाचं लावलंत? माझं सारखं निघून येतंय.

---

केळीबाग_यावल

आत पत्र्याची पकड असलेलं घ्या, नुसतं रबरी नको. माझ्या पत्र्याची जाडी रंगासकट एक मिलिमीटरच्या आसपास भरली, तेवढ्या जाडीला पकडणारं मागितलं. वळणावर आतल्या बाजूने रबराला लहान लहान काप दिले, म्हणजे ते ताणून उचलत नाही. आणि दोन्ही टोकं वर ठेवली नाहीत, खालच्या बाजूला आणून सोडली, म्हणजे पाणी आत न थांबता गळून जातं.